डावीकडचे काटे

भाऊजी निवृत्त झाल्यावर घरात बसून विमान चालवू लागले, याचे धुळ्यात कोणाला विशेष वाटले नाही. गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने भाऊजींच्या देवपूर भागावर दिवसभर फिरत असतात. गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या बायकांची मानसुद्धा वर होत नाही. भाऊजींची होत असे. ते भूमापन खात्यात होते. नोकरीची सगळी वर्षे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. जमीन पायी फिरून फार पाहिली, आता वरून कशी दिसते ते पाहू, असे त्यांनी मुलाला सांगितले. मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने एका दिवाळीत सगळी जुळणी करून दिली: मोठा पडदा, संगणक आणि टेबलाला घट्ट बसवलेली एक काठी. काठी हलवली की पडद्यावरचे विमान हलते, आणि खाली खरी नदी, खरा रस्ता, खरे गाव दिसते. सिम्युलेटर हा शब्द घरात कोणी वापरत नाही. अक्का त्याला ‘यांचं विमान’ म्हणते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी जळगावला एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो. भाऊजींना जगातला कोणताही विमानतळ घेता आला असता, पण त्यांचा मार्ग ठरलेला होता. गोंदूरवरून उडायचे, महामार्ग धरून पारोळा, एरंडोल ओलांडायचे, गिरणा आली की उंची कमी करायची आणि जळगावला उतरायचे. उतरल्यावर मला फोन करायचा.

‘काय पत्रकार, आज काय खोटं छापलं? मी तुझ्या गावात आलोय. चहा टाक.’

‘या ना, आधण ठेवलंय.’

‘राहू दे. तुझी बहीण जेवायला वाढतेय. परत निघालो.’

ही थट्टा कित्येक वर्षे चालली. मी एसटीने धुळ्याला गेलो की ते हमखास विचारत, गाडी पारोळ्याला किती वेळ थांबली, आणि तेवढ्या वेळात त्यांचे विमान कुठे पोहोचले असते ते सांगत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यात वेळेवर नेले. बोलणे शाबूत राहिले, उजवी बाजू शाबूत राहिली. डावा हात आणि डावा पाय कमजोर झाला. हे सगळे आम्हाला समजण्यासारखे होते. आणखी एक गोष्ट होती, ती समजायला वेळ लागला.

घरी आल्यावर काही दिवसांनी जेवताना त्यांनी अक्काला विचारले, ‘ठेचा काबर देत नही तू?’ ठेचा का देत नाहीस, असे. अक्काला वाटले, थट्टा करतात. ठेचा ताटात होता. लोणचे, मीठ, ठेचा ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचे, भाजी उजवीकडे, हा तिच्या हाताचा नियम. त्यांनी उजवीकडची भाजी संपवली होती, भाकरीचा उजवा अर्धा भाग खाल्ला होता, आणि डावीकडचे सगळे जसेच्या तसे होते. अक्काने ताट फिरवून ठेवले. तेव्हा ते म्हणाले, ‘आता वाढलास.’

डॉक्टरांनी सांगितले, डोळे चांगले आहेत. डावीकडचे डोळ्यांना दिसते, पण मेंदू त्याची दखल घेत नाही. माणसाला आपण त्या बाजूचे काही पाहत नाही हेच कळत नाही. त्याच्यापुरते जग उजवीकडेच असते. हळूहळू सुधारू शकते, मात्र खात्री देता येत नाही.

घरच्या माणसांनी मग जे करायचे ते केले. सगळे उजवीकडे हलवले. पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधे, मोबाइल उजवीकडे. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची उजवीकडे. पारोळ्याहून, धरणगावहून नातेवाईक आले, त्यांना अक्का दारातच सांगायची, इकडून बसा, तिकडून त्यांना कळत नाही. ती स्वतःही कायम उजवीकडे बसायची. ताटातला ठेचासुद्धा तिने उजवीकडे नेला, जो तिने उभ्या आयुष्यात कोणाला तिथे वाढला नव्हता.

व्यायाम करून घ्यायला एक मॅडम घरी येत. त्यांनी हे पाहिले आणि अक्काला बोलल्या.

‘काकू, तुम्ही त्यांची फार सोय करताय. इतकी सोय केलीत तर ते मान कशाला वळवतील?’

‘मग काय, माणसाला उपाशी ठेवू का?’

‘उपाशी नका ठेवू. पण त्यांना हवी असलेली गोष्ट डावीकडे ठेवा. हाक डावीकडून मारा. पुढचे काही महिने महत्त्वाचे आहेत. स्वतःहून डावीकडे पाहायला लागले तर ते एकटे चालतील, रस्त्यावर जातील. नाही लागले, तर कायम कोणीतरी हात धरून राहावं लागेल.’

म्हणजे सगळे या एका गोष्टीवर येऊन थांबले होते. पाय बरा होत होता. ते काठी घेऊन घरात चालत, पण चालताना डावा खांदा चौकटीवर आपटे आणि त्यांना चौकटीचा राग येई.

त्यांना हवी असलेली गोष्ट कोणती, हे शोधावे लागले नाही. पण विमान त्यांनी सोडून दिले होते. घरी आल्यावर एकदा बसले होते. पारोळ्यापर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. विमानाचा वेग, उंची, दिशा दाखवणारे काटे पडद्याच्या खालच्या डाव्या भागात होते. ते त्यांच्यासाठी नव्हतेच. महामार्ग जरा डावीकडे गेला की तो नाहीसा व्हायचा. मग ते उजवीकडच्या कुठल्यातरी रस्त्याच्या मागे जायचे आणि विमान चाळीसगावच्या दिशेने भरकटायचे. ‘यंत्र बिघडलंय,’ असे म्हणून त्यांनी ते बंद केले. त्यानंतर बोलणेही कमी झाले. मला फोन येईना.

उपाय भाच्याने पुण्याहून सुचवला. सगळे काटे मोठ्या पडद्यावरून काढायचे आणि एका टॅबलेटवर न्यायचे. संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवला की तो घरच्या वाय-फायवरून काट्यांचे चित्र टॅबलेटला पाठवत राहतो. टॅबलेट कुठेही ठेवता येतो. तो टेबलावर डाव्या बाजूला ठेवायचा. ज्याला विमान चालवायचे आहे त्याला वेग पाहावा लागतो. वेग पाहायचा तर मान वळवावी लागेल.

मॅडमना ही कल्पना पटली. टॅबलेट घरात होता, अक्का त्यावर कीर्तने ऐकायची. जुळणी करण्याचे काम माझ्या सुटीच्या दिवसावर आले.

पहिल्या खेपेला टॅबलेटवर नुसता काळा चौकोन आला. भाचा फोनवर होता.

‘मामा, संगणक घरच्या नेटवर्कला काय समजतोय ते बघ. सार्वजनिक की खासगी?’

‘सार्वजनिक लिहिलंय.’

‘मग बरोबर. त्याला वाटतंय आपण बसस्टँडवर आहोत. तिथे तो कोणालाच काही देणार नाही. खासगी कर.’

अक्का मागे उभी होती. ‘घरात एवढी माणसं येऊन गेली,’ ती म्हणाली, ‘त्याला बसस्टँडच वाटणार.’

खासगी केल्यावर काटे आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. राऊटर बंद होऊन चालू झाला की तो संगणकाला नवा क्रमांक देई, आणि टॅबलेट जुन्याच क्रमांकावर हाका मारत बसे. भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी संगणकाला एक कायमचा क्रमांक देऊन टाकला. मग सहा गोल तबकड्या टॅबलेटवर नीट दिसू लागल्या. वेगाची तबकडी वरच्या ओळीत अगदी डाव्या कोपऱ्यात असते. खऱ्या विमानातही ती तिथेच असते.

भाऊजींना बसवले. त्यांनी उजव्या हाताने काठी धरली. इंजिनाची कळ काठीवरच असल्याने डाव्या हाताचे अडत नव्हते. विमान उडाले. त्यांनी टॅबलेटकडे पाहिले नाही. अक्का डावीकडे जाऊन टेबलावर बोटाने टकटक करायची आणि म्हणायची, ‘ऐका ना, इकडे बघा. वेग किती?’ तेव्हा मान वळायची. उजवीकडची उंची कळायची, मधला क्षितिजाचा गोल कळायचा, वेग कळायचा नाही. तिचे बोट थांबले की मान पुन्हा उजवीकडे.

असे बरेच दिवस चालले. ते रोज बसायचे, एवढी एक सुधारणा होती. मी जळगावहून फोन करून विचारायचो, अक्का सांगायची, ‘आज एरंडोलपर्यंत गेले.’ वेगाबद्दल मी विचारत नसे आणि तीही सांगत नसे.

मग एक नवीन तक्रार सुरू झाली. काटे थांबतात, असे भाऊजी म्हणू लागले. अक्का टॅबलेटजवळ जाऊन पाहायची. काटे असायचे, आकडे असायचे, पडदा उजळलेला असायचा. ‘आहेत की सगळे,’ ती म्हणायची. ते म्हणायचे, ‘हालत नही.’ तिला त्यात काही कळत नव्हते. थोड्या वेळाने ती प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायची. कधी काटे यायचे, कधी यायचे नाहीत. तिने मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, अशा आजारात माणूस न दिसलेल्या भागाबद्दल मनानेच काहीतरी सांगतो. वाद घालू नका. अक्काने वाद घातला नाही. ‘हो, थांबले असतील,’ असे ती म्हणू लागली. भाऊजींना ते कळायचे. नवरा-बायकोत या वयात असे बोलणे लपत नाही.

मे महिन्यातल्या एका सुटीच्या दिवशी मी देवपूरला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कूलर चालू होता. भाऊजी विमानात होते आणि एरंडोल मागे पडले होते. मी उजवीकडच्या खुर्चीवर बसलो.

‘पारोळ्याला किती थांबली?’

‘चहा पिण्याएवढी.’

‘ड्रायव्हरने प्यायला की तू?’

‘दोघांनी.’

‘मग माझ्या मागेच राहणार तू.’

गिरणेचे कोरडे पात्र पडद्यावर आले. त्यांनी इंजिनाची कळ मागे ओढली. आवाज उतरला. विमानाचे नाक खाली झाले. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘काटा हालत नही.’

अक्का भाजी निवडत होती. ‘बापू, तू लक्ष देऊ नको,’ ती म्हणाली. धाकट्या भावाला ती बापूच म्हणते. ‘रोजचं आहे.’

‘माले बठ्ठं दिसस,’ भाऊजी म्हणाले. मला सगळं दिसतं.

‘हो, दिसतं ना. थांबले असतील.’

मी पुढे वाकून टॅबलेटकडे पाहिले. त्यात चुकीचे काही वाटले नाही. मग मोठ्या पडद्याकडे पाहिले. नदीतली झुडपे मोठी होत होती, म्हणजे विमान भराभर खाली येत होते. पुन्हा टॅबलेट पाहिला. उंचीचा काटा जागचा हलला नव्हता. एकाच घटनेच्या दोन बातम्या समोर होत्या आणि त्या जुळत नव्हत्या.

‘भाऊजी, कोणता काटा?’

‘वेगाचा. इंजिन ओढलं मी. तो उतरायला पाहिजे. उतरत नाही.’

‘कधीपासून?’

‘पाळधी दिसलं तेव्हापासून. आणि बाजूला हो, मला...’

विमान गिरणेच्या काठावर आदळले. पडदा काळा झाला.

‘पडलं,’ भाऊजी म्हणाले. ‘तुमच्या चौकशीत पडलं.’

मी अक्काला म्हटले, ‘ते बरोबर सांगताहेत. चित्र गोठलंय. संगणकाकडून टॅबलेटला काही येतच नाहीये. शेवटचं आलेलं चित्र तसंच राहिलंय.’

‘म्हणजे खरंच बंद पडलंय?’

‘खरंच.’

तिने भाजीची सुरी खाली ठेवली. ‘आणि तो वेगाचा काटा कुठला?’

मी टॅबलेटवर बोट ठेवून दाखवला. वरचा, डाव्या कोपऱ्यातला. त्याच्या पलीकडे टॅबलेटची कड आणि टेबलाची कड.

अक्का उठून जवळ आली. ती तबकडी तिने बराच वेळ पाहिली. मग नवऱ्याला विचारले, ‘हा तुम्हाला दिसला?’

‘मी आंधया शे का?’ आंधळा आहे का मी, असे.

‘मी बोट वाजवलं नव्हतं.’

‘तुझ्या बोटाने विमान चालतं का?’

ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडी मात्र वाजली नाहीत. भाऊजी माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘हिला काय झालं?’ त्यांना खरोखर कळले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते बरेच दिवस एक साधी तक्रार करत होते आणि आज ती कोणीतरी नोंदवून घेतली होती.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. टॅबलेटच्या वाय-फायच्या यादीत पाहिले तर तो घरच्या नेटवर्कवर नव्हताच. तो समोरच्या घराच्या नेटवर्कवर होता.

समोर एक मारवाडी कुटुंब राहते. कापडाचे दुकान आहे. गल्लीची आमची बाजू विजेच्या एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, आणि त्यांची बाजू दुसऱ्या डीपीवर आहे. उन्हाळ्यात इकडची वीज गेली तर तिकडे असते, तिकडची गेली तर इकडे. त्यामुळे दोन्ही घरांनी एकमेकांना पासवर्ड देऊन ठेवले आहेत, जसे विरजण नसले की समोरून आणतात तसे. भाऊजी दवाखान्यात असताना सगळे रिपोर्ट समोरच्या नेटवरूनच पुण्याला गेले होते. आता होत असे ते एवढेच. वीज क्षणभर जायची. संगणकाला आणि पडद्याला स्वतःची बॅटरी होती, कूलर आणि पंखा इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे बाहेरच्या खोलीत कोणाला पत्ता लागत नसे. राऊटर मात्र आतल्या खोलीत साध्या प्लगवर. तो बंद पडला की टॅबलेट न विचारता समोरच्यांकडे जाई आणि राऊटर सुरू झाला तरी बहुतेक वेळा तिथेच राही. पाठवणारा एका घरात, घेणारा दुसऱ्या घरात.

खात्रीसाठी मी समोर जाऊन विचारले. तिथल्या भाभी दारातच होत्या.

‘भाभी, आत्ता तुमची लाईट गेली होती का?’

‘आमची नाय गेली. तुमचीच गेली ना, जराशी. अक्कांचा नळाचा मोटर बंद झाला, मी ऐकला.’ मग त्यांनी विचारले, ‘काय झालं? भाऊंचं विमान थांबलं?’

‘थांबलं नाही. तुमच्याकडे आलं होतं.’

‘येऊ द्या की. गच्ची मोठी आहे.’

घरी येऊन मी अक्काला सांगितले की टॅबलेटमधून समोरच्यांचे नेटवर्क पुसून टाकावे लागेल. तिला ते जड गेले.

‘त्यांना काय वाटेल? भांडं रिकामं परत केल्यासारखं.’

‘त्यांना कळणारही नाही, अक्का. हे फक्त टॅबलेटपुरतं आहे.’

‘माझ्या मोबाइलमधलं राहू दे.’

‘राहू दे.’

मी टॅबलेटमधून ते काढले. राऊटरचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर न्यायला लांब वायर लागणार होती; ती आणायला मी चप्पल घालत होतो. अक्का माझ्यामागे दारापुढच्या ओट्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बापू, वायर आणू नको.’

‘का?’

‘तू पक्कं करून ठेवलंस तर मला कसं कळेल?’

मी चप्पल काढली.

‘आज थांबलं म्हणून कळलं ना,’ ती म्हणाली. ‘चालू असताना ते बघतात की नाही, कोणाला ठाऊक. मी वेग विचारला की ते अंदाजाने सांगतात. इतकी वर्षं चालवलंय, अंदाज बरोबर येतो. पण थांबलेलं त्यांनी बघितल्याशिवाय थोडंच सांगितलं?’

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या की त्या दिवशी मनाने सांगतात असे म्हणण्याआधी त्यांनी स्वतः येऊन टॅबलेट पाहायला हवा होता. आणि काकूंची कल्पना चांगली आहे. मात्र भाऊंना सांगू नका, आणि दिवसातून फार वेळा नको, माणूस चिडेल.

वायर आणली नाही. अक्काला मी आतल्या खोलीतले राऊटरचे बटन दाखवले. बंद केले की काटे जागेवर गोठतात; चालू केले की थोड्या वेळात टॅबलेट आता घरीच परत येतो. तिने एकदा करून पाहिले. लग्नाच्या वयाच्या मुलीसारखी ती दाराआडून बाहेरच्या खोलीत बघत होती.

पुढचे फोन तिचे असायचे. बातमी एका ओळीची असे. ‘आज लगेच बोलले.’ ‘आज धरणगावचा रस्ता ओलांडून गेले तरी कळलं नाही.’ ‘आज दोनदा केलं, एकदा कळलं.’ एकदा तिने काहीच सांगितले नाही, फक्त कैऱ्यांचा भाव सांगितला, आणि मी काय ते समजलो. प्रगती सरळ रेषेत होत नव्हती. चौकटीवर खांदा आपटणे कमी झाले, बंद झाले नाही. ठेचा तिने पुन्हा डावीकडे वाढायला सुरुवात केली. कधी तो खाल्ला जायचा, कधी ताटात राहायचा. मॅडम म्हणत, असेच होते, चालू ठेवा.

जून संपताना एका दुपारी मी ऑफिसात पानाची जुळणी पाहत होतो. भाऊजींचा फोन आला. पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता. मोबाइल टेबलावर ठेवून बोलत होते.

‘काय पत्रकार. एक बातमी आहे. छापायची नाही.’

‘बोला.’

‘तुझी बहीण माझे काटे बंद करते.’

मी म्हटले, लाईट जात असेल.

‘लाईट गेली की नळाची मोटर बंद होते. मोटर चालू असते आणि काटे थांबतात. मी काय आज जन्मलो?’

‘मग तिला विचारा ना. कुठे आहे ती?’

‘समोर गेलीय, भाभीकडे. म्हणून तर फोन केला.’ त्यांनी इंजिन कमी केले. आवाजावरून मला ते कळले. ‘तिला विचारू नको तू. आणि मी सांगितलं असंही म्हणू नको. ती बटन बंद करते आणि येऊन उभी राहते. हातात काहीतरी असतं. मेथीची जुडी, नाहीतर फडकं. काम असल्यासारखी. श्वास धरून उभी राहते. मी म्हणतो, काटा थांबला. मग आत जाते आणि स्वतःशी गाणं म्हणते. आता ते बंद कशाला करायचं?’

‘आणि नाही कळलं कधी तर?’

‘नाही कळत कधी कधी,’ ते म्हणाले. ‘तेव्हा ती फार वेळ उभी राहते. पाय दुखतात तिचे.’

‘कुठे उभी राहते?’

‘कुठे म्हणजे? आतल्या दारात.’

आतल्या खोलीचे दार त्यांच्या डाव्या हाताला आहे. टॅबलेटच्याही पलीकडे. तिथे उभे असलेले माणूस पाहायचे तर मान टॅबलेटवरून आणखी पुढे न्यावी लागते. हिवाळ्यात अक्काने त्याच दारातून जेवायला हाक मारली होती आणि भाऊजी तिला उजवीकडे, रस्त्याच्या खिडकीत शोधत राहिले होते. ते तिने मला त्या वेळी सांगितले नव्हते. पुष्कळ नंतर सांगितले.

मी समोरचे पान बाजूला सारले.

‘आहेस का?’ भाऊजींनी विचारले.

‘आहे. उतरलात का?’

‘कुठला उतरतो. तिची चुगली करता करता धावपट्टी मागे गेली. नशिराबादवर आलोय. फिरून परत येतो.’

‘चहा टाकू?’

‘फोन ठेव आधी. तुझ्याशी बोलताना वेग फार खाली गेलाय.’